चौदा नंबरची गोलकीपर

शिडीला शिडी हे नाव पडलं ते अकराव्या वर्षी. त्या एका वर्षात ती इतकी ताडमाड वाढली की पेशाने शिंपी असलेल्या तिच्या वडिलांनी तिच्या फ्रॉकची खालची दुमड तीनदा उसवून लांबवली आणि चौथ्यांदा हात टेकले. "आता हिला पडद्याचं कापडच आणावं लागणार," ते म्हणाले. दोघा थोरल्या भावांनी मात्र बहिणीच्या उंचीचा लगेच फायदा करून घेतला. घरामागच्या मोकळ्या जागेत ते गल्लीतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळायचे, आणि गोलमध्ये उभं राहायला एकही जण राजी नसायचा.

"तू नुसती उभी राहा," मोठा म्हणाला. "काही करू नकोस. फक्त जागा अडव."

ती उभी राहिली आणि पहिलाच चेंडू तिच्या नाकावर बसला. नाक टोमॅटोसारखं सुजलं, आईने दोघा भावांना यथेच्छ धुतलं, पण गोल काही झाला नाही. रात्री जेवताना शिडी सुजलेल्या नाकाने एकटीच गालातल्या गालात हसत होती. उद्या कितीला खेळायचं, एवढंच तिने विचारलं.

त्याला बावीस वर्षं झाली तरी ती गोलमध्येच उभी होती. भावांचा खेळ केव्हाच सुटला. एकाचं पोट सुटलं, दुसऱ्याचं लग्न झालं. शिडी मात्र शहरातल्या सगळ्यात मोठ्या क्लबच्या महिला संघाची गोलकीपर झाली. तिच्या करारावर 'व्यावसायिक खेळाडू' असं ठळक अक्षरात छापलं होतं. ते वाचून घरात सगळ्यांना हसू फुटलं होतं, कारण त्या व्यवसायातून घरचं महिन्याचं दूधही भागत नव्हतं. खरा व्यवसाय दुसराच होता. शिडी सकाळपाळीला शहर बस चालवायची. मार्ग क्रमांक चौदा: डेपो, बाजार, कोर्ट, दोन शाळा आणि शेवटी सरकारी दवाखाना. पहाटे पाचला ती स्टिअरिंगवर बसायची आणि दुपारी एकला उतरायची. मग दोन घास खाऊन, तासभर पाठ टेकून, चार वाजता सरावाला हजर. चौदा नंबरचे रोजचे प्रवासी तिला ओळखायचे ते तिच्या ब्रेकवरून. बाकीच्या बसमध्ये लोक एकमेकांच्या अंगावर कोसळायचे; शिडीच्या बसमध्ये उभ्याने चहा पिता यायचा.

क्लबला दोन मैदानं होती. पुढचं मोठं मैदान म्हणजे बारा हजार खुर्च्या, वर छप्पर, आणि गवत असं की त्यावर पाय ठेवताना चोरी केल्यासारखं वाटावं. तिथे पुरुष संघ खेळायचा. मागचं मैदान गाड्या लावायची जागा आणि क्लबची धुलाईची खोली यांच्या मधे दाबून बसवलेलं होतं. त्याला डावीकडे इतका उतार होता की चेंडू सोडून दिला तर तो आपणहून कोपऱ्यात जाऊन थांबायचा. तिथे महिला संघ खेळायचा. कपडे बदलायला सामानाची खोली होती. त्यात रंगाचे डबे, गवत कापायचं यंत्र आणि एक तुटका गोलपोस्ट आधीच राहायला होते.

शर्टांची तऱ्हा याहून न्यारी. पुरुष संघाचे गेल्या हंगामातले शर्ट महिलांना मिळायचे, पाठीवरची नावं खरवडून काढलेले. ते अंगासरसे करायचं काम शिडीच्या वडिलांचं. दर हंगामाच्या सुरुवातीला ते बावीस शर्ट घरभर पसरायचे, तोंडात टाचण्या धरून एकेक खेळाडूचं माप घ्यायचे आणि पुटपुटायचे, "हा त्या जाड्या बचावपटूचा. यात तुमच्या तिघीजणी राहतील, भाडंही वाचेल." नावं खरवडली तरी उन्हात त्यांच्या खुणा दिसायच्या. एकदा समोरच्या संघातल्या एकीने शिडीच्या पाठीवरचं नाव कसंबसं वाचलं आणि सबंध सामनाभर तिला त्याच नावाने हाका मारल्या. ते नाव पुरुष संघाच्या मिशाळ गोलकीपरचं होतं.

शिडीला या सगळ्याचं फार वाईट वाटायचं असं नाही. सवय झाली होती. आणि खेळायला मिळतंय ना, मग झालं, असं ती स्वतःला सांगायची. हे सांगणं बंद झालं ते राखीवमुळे.

राखीव म्हणजे पुरुष संघाचा राखीव गोलकीपर. तेवीस वर्षांचा, गोरागोमटा, स्वभावाने लोण्याचा गोळा. सबंध हंगाम तो बाकावर बसून असायचा. एका संध्याकाळी धुलाईच्या खोलीकडे मोजे शोधायला आला असताना त्याने शिडीला पेनल्टी अडवताना पाहिलं. मोजे विसरून तो कुंपणाला लटकला. तिने लागोपाठ पाचातल्या चार अडवल्या तेव्हा त्याने थेट कुंपणावरून उडी मारली.

"ताई, तुम्हाला आधीच कसं कळतं हो?"

"टेकलेल्या पायाकडे बघ," शिडी म्हणाली. "मारणारा पाय फसवतो. टेकलेल्या पायाला फसवता येत नाही. बस चालवताना मी तेच करते. रस्ता ओलांडणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, पावलाकडे बघायचं."

तेव्हापासून राखीव आठवड्यातून दोनदा मागच्या मैदानावर शिकायला येऊ लागला. येताना कधी चांगले हातमोजे आणायचा, कधी सगळ्यांना केळी. पोरींचा तो लाडका झाला. अशाच एका दिवशी सराव संपल्यावर सगळ्या उतारावर पाय पसरून बसल्या होत्या आणि राखीव आपलं दुखणं सांगत होता.

"राखीव म्हटलं की क्लब फार हात आखडता घेतो, ताई," तो म्हणाला आणि त्याने आपला आकडा सांगितला.

"वर्षाला तर बरा आहे की," शिडी म्हणाली.

"वर्षाला नाही हो. महिन्याला."

शेजारी घोट्याला पट्टी गुंडाळत बसलेल्या कप्तानच्या हातून पट्टीचं रीळ सुटलं आणि उतारावरून गडगडत थेट कोपऱ्यात गेलं. कोणी उचलायला उठलं नाही.

"आणि तुमचा?" राखीवने भाबडेपणाने विचारलं.

शिडीने सांगितला.

"आठवड्याला?"

"महिन्याला."

राखीवच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो उठला, कोपऱ्यात जाऊन पट्टीचं रीळ घेऊन आला आणि कप्तानच्या हातात देत म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं." कप्तान एरवी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि तिची जीभ डॉक्टरांच्या हत्यारांहून धारदार होती. पण त्या दिवशी तीसुद्धा "जाऊ दे रे, तुझा काय दोष," एवढंच म्हणाली. एकही सामना न खेळणाऱ्या या पोराचा महिन्याचा पगार त्यांच्या अख्ख्या संघाच्या पगारापेक्षा जास्त होता.

घरी जाताना शिडी नवऱ्याच्या दुकानात डोकावली. नवरा केस कापायचा. तीन खुर्च्या, लांबच लांब आरसा आणि भिंतीवर पुरुष संघाचं मोठं चित्र. ते गिऱ्हाइकांसाठी लावावंच लागायचं. शिडीने दारातूनच राखीवचा आकडा सांगितला, तसा नवऱ्याचा वस्तरा हवेत थांबला.

"अगं, एका महिन्याचे?"

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली होती. त्याने फेसातून तोंड घातलं. "त्याला काय करणार? पुरुषांची मॅच बघायला लोक येतात. बायकांची कोण बघतं?"

"तुम्ही कधी पाहिलीत?" नवऱ्याने विचारलं.

"कधी असते?"

"मंगळवारी, दुपारी दोनला."

"मंगळवारी दुपारी दोनला कोण मोकळं असतं?"

"तेच म्हणतोय मी," नवरा म्हणाला आणि त्याने वस्तरा जरा जोरातच ओढला.

महिन्याभराने चषक स्पर्धेचा उपांत्य सामना आला. तो दुसऱ्या शहरात, साडेतीन तासांच्या अंतरावर होता. सकाळी सातला सगळ्या पिशव्या घेऊन क्लबच्या दारात जमल्या, तर संघाची बस जागेवर नाही. क्लबचा व्यवस्थापक कान खाजवत आला. पुरुष संघाची कुठल्याशा गादीच्या जाहिरातीसाठी छायाचित्रं काढायची होती आणि पाठीमागे बस हवी होती. चालकही तिकडेच गेला होता.

"जुनी बस आहे मागे," तो म्हणाला. "पण चालवायला कोणी नाही. मी त्या संघाला फोन करून सांगतो की तुम्ही येऊ शकत नाही."

शिडीने पिशवीतून परवाना काढून त्याच्या नाकासमोर धरला. "किल्ली कुठे आहे?"

जुनी बस म्हणजे खुळखुळा होता. तिसरा गिअर पडायला नवस करावा लागत होता आणि आरसे पट्टीने बांधलेले होते. पण शिडीने ती अशी नेली की मागच्या बाकावर दोघींनी नखं रंगवून घेतली. कप्तान शेजारी बसून प्रत्येक वळणाला "पुढचा थांबा, दवाखाना!" असं ओरडत होती. पोहोचल्यावर शिडी उतरली, पाठ मोकळी केली, हातमोजे चढवले आणि गोलमध्ये जाऊन उभी राहिली. दोन तास खेळूनही कोणाचा गोल झाला नाही. मग पेनल्टी. स्टिअरिंग ओढून तिचे दंड भरून आले होते. हात वर करतानाही कळ यायची. तरी तिने दोन अडवल्या. त्यातली दुसरी बोटांच्या टोकांनी, आणि त्या बोटांना पुढे तीन दिवस बटण लावता येत नव्हतं. संघ अंतिम फेरीत पोहोचला. परतीच्या वाटेवर गाणी म्हणून म्हणून पोरींचे घसे बसले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मोठी बातमी होती: पुरुष संघाच्या एका खेळाडूच्या गुडघ्याची सूज उतरली. महिला संघ अकराव्या पानावर, गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांच्या जाहिरातीच्या खाली होता. फोटो मात्र छान आला होता. सगळ्या बसला टेकून उभ्या, आणि शिडी बसच्या दारात. खाली ओळ होती: 'विजयी महिला संघ. डावीकडून पहिल्या, संघाच्या बसचालक.' दोन पेनल्टी कोणी अडवल्या याचा बातमीत पत्ताच नव्हता.

डेपोत आनंदीआनंद झाला. आपल्या खात्याचं नाव पेपरात आलं म्हणून डेपोप्रमुखांनी ते कात्रण सूचनाफलकावर लावलं. वडिलांनी फोटो भिंगाखाली धरून बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "डावी बाही बसली नाही गं. पुढच्या वेळी बघतो." शिडी घरात सगळ्यांबरोबर पोट धरधरून हसली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बस पहिल्या शाळेपाशी थांबली, आणि पोरं चढत असताना तिच्या लक्षात आलं की आपण दात आवळून बसलोय. राग आला होता आणि तो चांगलाच आला होता. तिला स्वतःचंच नवल वाटलं.

त्याच आठवड्यात सामानाच्या खोलीच्या दारावर सूचना लागली. अंतिम सामना आपल्याच शहरात, मागच्या मैदानावर, बुधवारी दुपारी दोन वाजता. पुढचं मैदान मिळणार नाही, कारण तीन आठवड्यांनी पुरुष संघाचा मैत्रीपूर्ण सामना आहे आणि तोवर गवताला विश्रांती हवी.

"गवताला!" कप्तान म्हणाली. एवढंच. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. रंगाच्या डब्यांवर बसून तासभर सभा झाली आणि ठरलं की अध्यक्षांकडे जायचं. जायचं कोणी, यावर सगळ्यांच्या माना शिडीकडे वळल्या. कारण डेपोतल्या स्वच्छतागृहाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. डेपोत बायकांसाठी सोय नव्हती. अर्ज करून करून कागद पिवळे पडले होते. तेव्हा शिडीने आठ बाया गोळा केल्या आणि रोज सकाळी डेपोप्रमुखांच्या केबिनमधल्या खासगी स्वच्छतागृहासमोर रांग लावायला सुरुवात केली. भांडण नाही, घोषणा नाही. प्रत्येकीने आत जाताना "नमस्कार साहेब" म्हणायचं आणि बाहेर येताना "येते हं साहेब" म्हणायचं. बाराव्या दिवशी गवंडी आले.

क्लबचे अध्यक्ष फरशांचे व्यापारी होते. माणूस वाईट नव्हता. गप्पिष्ट, हौशी आणि पैजेचं वेड असलेला. शिडी आणि कप्तान त्यांच्या खोलीत गेल्या तेव्हा ते सही करायला पेन शोधत होते. पेनं एका चषकात ठेवलेली होती. तो चषक महिला संघाने सहा वर्षांपूर्वी जिंकलेला होता. कप्तानने ते पाहिलं आणि तोंड उघडलं, पण शिडीने टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला.

"साहेब, आम्हाला अंतिम सामना पुढच्या मैदानावर हवाय," शिडी म्हणाली. "रविवारी, चार वाजता."

"बाई, माझा काही विरोध आहे का?" अध्यक्ष हसून म्हणाले. "पण लोक येत नाहीत हो. तुमच्या गेल्या सामन्याला मी स्वतः मोजले. सत्तावन्न. त्यात एक कुत्रा."

"कुत्रा माझा आहे," कप्तान म्हणाली. "तो धरू नका. छप्पन्न."

"बघा! छप्पन्न माणसांसाठी मी बारा हजारांचं मैदान उघडू?"

"साहेब, तुमचं फरशांचं दुकान आहे ना?" शिडीने विचारलं. "ते तुम्ही मागच्या गल्लीत हलवलंत, पाटी काढून टाकलीत आणि फक्त बुधवारी दुपारी दोनला उघडलंत, तर किती गिऱ्हाइकं येतील?"

फरशांची भाषा त्यांना चटकन कळत असे.

"पैज लावा," शिडी म्हणाली. पैज हा शब्द ऐकून अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. "पुढचं मैदान द्या, रविवार द्या. पुरुषांची लागतात तेवढीच मोठी पोस्टरं, त्यांची लागतात त्याच भिंतींवर लावा. तिकिटं छापा. अर्ध्या खुर्च्या भरल्या, म्हणजे सहा हजार, तर पुरुषांना अंतिम सामन्याचं जे मानधन देता तेच आम्हाला द्यायचं, आणि पुढच्या हंगामाचे करार आमच्याशी बसून नव्याने करायचे. एक माणूस जरी कमी पडला, तर आम्ही जन्मभर मागच्या मैदानावर खेळू आणि तुमच्या दारात परत येणार नाही."

"सहा हजार?" अध्यक्षांना हसू आवरेना. "मंजूर! आत्ता मंजूर!"

"लिहून द्या."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"आहे ना, साहेब. तुमचाही असला तर लिहायला काय हरकत आहे?"

अध्यक्षांनी चषकातून पेन उपसलं आणि लिहून दिलं.

बाहेर आल्यावर कप्तानने जिन्यातच खाली बसकण मारली. "सहा हजार! अगं, तुला वेड लागलंय का? दोन हजार तरी म्हणायचं!"

"दोन हजारांना ते हसले नसते," शिडी म्हणाली. "आणि हसले नसते तर सही केली नसती." असं म्हणाली खरी, पण जिना उतरताना तीही बोटांवर दिवस मोजत होती.

हातात अकरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी पहाटे चौदा नंबरमध्ये ध्वनिक्षेपकावरून आवाज आला: "पुढचा थांबा, बाजार. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी चार वाजता मोठ्या मैदानावर महिलांचा अंतिम सामना. गोलमध्ये तुमची चालक उभी राहणार आहे. तिकिटं उतरताना मागा." लोक आधी दचकले, मग हसले, मग मागू लागले. दवाखान्याच्या थांब्यावर उतरणाऱ्या एका परिचारिकेने चाळीस घेतली. दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, "मुलींना अर्धं तिकीट आहे का?" आणि साडेतीनशे घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी डेपोप्रमुखांनी शिडीला बोलावून बजावलं की सरकारी ध्वनिक्षेपकावरून खासगी जाहिरात करणं नियमात बसत नाही. बजावून झाल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि घरच्यांसाठी पाच तिकिटं मागितली.

नवऱ्याने दुकानात पाटी लावली: 'तिकीट दाखवा, दाढी फुकट.' आठवडाभरात त्या भागात दाढीवाला माणूस औषधाला मिळेना आणि नवऱ्याचा खांदा धरला. ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकसुद्धा तिकीट घेऊन आलं. दातांच्या दवाखान्यात कप्तान रोग्याने तोंड उघडलं की विचारायची, "किती देऊ, दोन का चार?" तोंडात हत्यार असताना नाही म्हणणं कोणालाच जमलं नाही. राखीवने आपल्या फोनवरून दोन ओळी टाकल्या: 'मला पेनल्टी अडवायला जिने शिकवलं, ती रविवारी खेळतेय. मी जातोय.' त्या दोन ओळींनी हजारभर तिकिटं गेली. शिवाय त्याने पुरुष संघातल्या एकेकाला तिकीट विकत घ्यायला लावलं. फुकट मागणाऱ्याला तो म्हणायचा, "तुझा पगार मला माहीत आहे."

आणि वडील. या वेळी पोरी जुन्या शर्टात खेळणार नाहीत, असं त्यांनी परस्पर जाहीर केलं. ओळखीच्या दुकानातून कापडाचा तागा आणला आणि बावीस शर्ट कोरे शिवले. बावीस मापं त्यांना तोंडपाठ होती. पाठीवर प्रत्येकीचं नाव. कप्तानचं आडनाव इतकं लांब की ते एका बगलेतून दुसऱ्या बगलेपर्यंत गेलं आणि त्यात अर्धा दिवस मोडला. लेकीला विचारलं, तुझं काय लावू? ती म्हणाली, शिडी. "एवढं निवडून नाव ठेवलं होतं आम्ही," वडील कुरकुरले, पण अक्षरं मात्र सगळ्यांत ठसठशीत तिचीच कापली.

शनिवारी संध्याकाळपर्यंत चार हजार तीनशे तिकिटं गेली होती. शिडीला जेवण गेलं नाही. रविवारी दुपारी ती मैदानावर आली तेव्हा दारात चौदा नंबरची बस उभी होती. मग दुसरी आली. मग तिसरी. डेपोतल्या सहकाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी जादा गाड्या काढल्या होत्या आणि पाटीवर लिहिलं होतं 'मैदान'. फाटकावर अध्यक्ष जातीने उभे होते आणि यंत्रावरचा आकडा बघत होते. पाच हजार नऊशेच्या पुढे त्यांना घाम फुटला. पण सहा हजार झाले तेव्हा या अजब माणसाने, पैज हरत असताना, टाळ्या वाजवल्या आणि सहा हजार एकाव्या प्रेक्षकाशी हस्तांदोलन केलं. त्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. "तुम्ही कोण हो?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता आत गेल्या. शेवटी आकडा नऊ हजार चारशेवर थांबला.

सामना मात्र पोरी हरल्या.

हे सांगायलाच हवं, कारण शिडी स्वतः ते कधी लपवत नाही. पूर्वार्धात कप्तानच्या डोक्याला लागून चेंडू आत गेला आणि छप्पर उडतंय की काय असं वाटलं. उत्तरार्धात समोरच्यांनी बरोबरी केली. शेवटच्या मिनिटांत त्यांना पेनल्टी मिळाली. शिडीने टेकलेला पाय पाहिला, उजवीकडे झेपावली आणि चेंडू अडवला. पण तो तिच्या मुठीवरून उडून त्यांच्याच एकीच्या पायाशी पडला आणि तिने तो आत ढकलला. शिट्टी झाली तेव्हा शिडी गवतात तोंड खुपसून पडली होती. आरडाओरडा ऐकून तिला वाटलं, समोरच्यांचं कौतुक चाललंय. मग शब्द कानावर आले. "चौदा नंबर! चौदा नंबर!" दवाखान्याच्या परिचारिका, शाळेच्या मुली, बाजारातले हमाल, सगळे उभे राहून ओरडत होते. विजेत्या संघाची कर्णधार गोंधळून गेली. तिने आपल्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये चौदा नंबरचा शर्ट शोधला, बाकावर बसलेल्या, एक मिनिटही न खेळलेल्या एका पोरीला मिठी मारली आणि म्हणाली, "काय लोकप्रिय आहेस गं तू!" ते पाहून शिडीला रडता रडता हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या पहिल्या पानावर होत्या. या वेळी शिडी गोलकीपर होती, नाव मोठ्या अक्षरात होतं. बसचा उल्लेख कुठेच नव्हता, त्यामुळे डेपोत नाराजी पसरली.

अध्यक्षांनी शब्द पाळला. पुरुषांएवढं मानधन त्यांनी स्वतःच्या हाताने वाटलं; देताना चेहरा दाढ काढल्यासारखा होता, पण दिलं. नव्या कराराची बोलणी मात्र सहा आठवडे चालली. तिथे सगळं मनासारखं झालं नाही. पूर्वी पुरुष खेळाडूला चाळीस मिळाले तर यांना एक मिळायचा. आता सातांना एक झाला. दुखापत झाली तर पगार चालू राहील हे कलम कप्तानने भांडून घेतलं. सामने रविवारी होऊ लागले. कपडे बदलायला खरी खोली मिळाली, गरम पाण्याची. गवत कापायच्या यंत्राने एकटं राहायला सुरुवात केली. शिडीने डेपोत अर्धी पाळी मागून घेतली. बस सोडणं तिच्या जिवावर आलं असतं.

सदतिसाव्या वर्षी गुडघ्यांनी ऐकेनासं केलं, तेव्हा तिने खेळणं थांबवलं. क्लबने तिला गोलकीपरांची प्रशिक्षक नेमलं, महिला संघाचीही आणि पुरुष संघाचीही. तोवर राखीव मुख्य गोलकीपर झाला होता आणि तिच्याशिवाय कोणाकडे शिकणार नाही असं त्याने सांगून टाकलं होतं. ती शिट्टी वाजवते आणि मिशीवाले, बिनमिशीचे सगळे उड्या मारतात.

गेल्या हंगामात महिला संघात नवी गोलकीपर आली. अठरा वर्षांची, काटक, आणि नाकावर माशी बसू न देणारी. करार हातात पडल्यावर तिने तो उभ्या उभ्या वाचला आणि बाकावर फेकला.

"ताई, हे काय? एवढ्यात काय होतं? पुरुषांच्या राखीवला याच्या चौपट आहे!"

शिडीने कागद उचलून आकडा पाहिला. इतका पगार तिला खेळाडू म्हणून कधीच मिळाला नव्हता. क्षणभर तिला ते लागलं. या पोरीला काय ठाऊक, असं ओठांपर्यंत आलं. मग तिने पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर कृतज्ञता औषधालाही नव्हती. नुसता चोख, स्वच्छ संताप होता, पहिल्याच दिवशी. शिडीला जे यायला बावीस वर्षं लागली ते ही पोर घरूनच घेऊन आली होती. शिडी हसायला लागली, ती इतकी की शेवटी भिंतीला धरावं लागलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" पोरगी भडकली.

"काही नाही, काही नाही." शिडीने डोळे पुसले. "चल, वर साहेबांकडे जाऊ. तुला किती हवेत ते आधी मला सांग."

पोरीने जरा विचार करून आकडा सांगितला.

"कमी सांगितलास," शिडी म्हणाली. "वाढव थोडा." आणि दोघी जिना चढू लागल्या.